शेजारच्याला वाचून दाखव

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'संगणकतज्ज्ञ' अशी करून दिली, तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने हसलं. कोण हसलं ते मला न बघताही कळलं. तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो. आज त्याचं बाजारपेठेत खतांचं दुकान आहे आणि संगणकाचा त्याचा संबंध बिलापुरता. पण आजचं माझं भाषण बरंचसं त्याच्याबद्दलच आहे, म्हणून त्याने आता नीट बसावं.

संयोजकांनी मला विषय दिला 'आजचं सॉफ्टवेअर'. विषय मोठा आहे आणि वेळ पंधरा मिनिटं. त्यामुळे एकच गोष्ट सांगतो. गेली तीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. या काळात अनेक भाषा शिकलो, काही विसरलोही. माणसांच्या नव्हे, संगणकाला काम सांगायच्या भाषा. आज वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला त्यातल्या साध्या भाषाच का आवडतात, एवढंच सांगणार आहे. त्याची सुरुवात याच शाळेत झाली.

१९८६ साली आपण आठवीत होतो. केंद्र सरकारने त्याआधी दोनेक वर्षांपूर्वी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. निवडक शाळांना संगणक द्यायचे, असा तो प्रकल्प. त्यातून आपल्या शाळेत दोन संगणक आले. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो'. प्रयोगशाळेशेजारची खोली त्यांच्यासाठी रंगवली, खिडक्यांना पडदे लावले. ज्या शाळेत आपल्या डोक्यावर पंखा नव्हता, तिथे त्या खोलीत दोन पंखे होते. चपला बाहेर काढून, हात पुसून आत जायचं. देवघरात जातात तसं.

त्या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट. आज तुम्ही एकमेकांना सकाळी सकाळी जी 'सुप्रभात'ची चित्रं पाठवता ना, त्यातलं एक चित्रसुद्धा त्यात मावलं नसतं. बटण दाबलं की टूं-टीं असा आवाज व्हायचा, काळ्या पडद्यावर एक खूण यायची आणि यंत्र तयार. वाट बघणं नाही, काही निवडणं नाही. लिहा आणि बघा.

आणि चुकलं की ते यंत्र बऱ्याचदा एवढंच दाखवायचं: 'मिस्टेक'.  आठवतंय का? त्या काळी चूक झाली की आपल्याला पट्टी मिळायची, अंगठे धरून उभं राहावं लागायचं, किंवा 'वडिलांना घेऊन ये' असा निरोप मिळायचा. हे पहिलं कोणीतरी असं भेटलं, की जे फक्त 'चूक' म्हणून गप्प बसायचं. पुन्हा लिहिलं, पुन्हा 'मिस्टेक'. तिसऱ्यांदा लिहिलं आणि चाललं. आधीच्या दोन चुका त्याने कुठेही लिहून ठेवल्या नव्हत्या.

विज्ञानाचे सर तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "पोरांनो, मलाही हे फारसं येत नाही. आपण मिळून शिकू." सर, तुम्ही आज समोर बसला आहात. हे वाक्य तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही. शिक्षकाला एखादी गोष्ट येत नसते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

संगणक दोन आणि आम्ही चाळीस. म्हणून सरांनी नियम केला. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा. मग तो शेजारच्याला वाचून दाखवायचा. शेजारच्याने "कळलं" असं म्हटलं तरच खोलीत पाळी मिळायची. "नाही कळलं" म्हणाला, तर पुन्हा लिहायचा.

मी पाच विषयांच्या गुणांची टक्केवारी काढायचा प्रोग्रॅम लिहिला. ए, बी, सी अशी अक्षरं वापरून मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. बाकावरचा हा आजचा खतवाला म्हणाला, "हा सी कोण?" मी म्हटलं, "बेरीज." तो म्हणाला, "मग बेरीज लिही की." मला राग आला. पण पाळी हवी होती. मी इंग्रजी अक्षरांत 'बेरीज' लिहिलं, 'गुण' लिहिलं, 'टक्के' लिहिलं. त्या बेसिक भाषेत अशी लांब नावं चालायची. यंत्राने ती मुकाट्याने घेतली आणि टक्के बरोबर आले. माझे टक्के त्या वर्षी काय होते, हे सांगायची आज गरज नाही.

ही बेसिक भाषा आली कुठून, हे मला पुढे कळलं. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी ती तयार केली. त्यांना वाटायचं की संगणक फक्त विज्ञानवाल्यांचा राहू नये. इतिहास, साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही तो वापरता यावा. म्हणजे ही भाषा 'हुशार' मुलांसाठी मुळात नव्हतीच. ती बाकीच्यांसाठी होती.

मोठ्या विद्वानांना ती आवडली नाही. डाइक्स्ट्रा नावाचे नेदरलंडचे फार थोर संगणकशास्त्रज्ञ होते. ज्या विद्यार्थ्याने बेसिक शिकली, त्याला पुढे चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, असं त्यांनी १९७५ साली लिहून ठेवलं. म्हणजे त्यांच्या हिशेबाने आपली अख्खी बॅच वाया गेलेली! पण गंमत बघा. आपण शिकलो ती बीबीसी मायक्रोची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली होती. त्याच विल्सन यांनी पुढे स्टीव्ह फर्बर यांच्यासोबत 'आर्म' नावाचा प्रोसेसर रचला. मोजक्या, साध्या आज्ञा असलेला प्रोसेसर. तो प्रत्यक्ष बनवण्याआधी त्याची नक्कल त्यांनी संगणकावर चालवून पाहिली, ती याच बेसिकमध्ये लिहून. १९८५ साली पहिला आर्म तयार झाला. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. साध्या भाषेत लिहिलं म्हणजे काम लहानच असतं, असं नाही.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे कुठे सांगितलेली नाही.

२००३ साली मी पुण्यात एका कंपनीत होतो. ग्राहकांची बिलं काढणारी प्रणाली आमच्या गटाकडे होती आणि ती सी प्लस प्लस या भाषेत होती. ही भाषा ताकदवान आहे, त्यात वाद नाही. तीत एकच गोष्ट वीस प्रकारे लिहिता येते. मी एकविसावा प्रकार शोधला. सवलतीचा हिशेब मी इतक्या चलाखीने लिहिला, की गटातल्या कोणालाच तो कळेना. मला त्याचा अभिमान होता. लोक विचारायला यायचे, मी खुर्ची फिरवून समजावून सांगायचो. आपल्यावाचून काम अडतं, याची एक नशा असते. दुकानदारांना, डॉक्टरांना, मास्तरांना, सगळ्यांनाच ती ठाऊक असेल.

त्या वर्षी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. मी रात्रीच्या एसटीने गावी आलो आणि पाच दिवस अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून होतो. मोबाइल बंद. नेमका तेव्हाच महिन्याच्या शेवटी प्रोग्रॅम बिघडला. काही ग्राहकांना सवलत दोनदा लागायला लागली. आमच्या गटात एक नवी मुलगी होती, नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. दुरुस्तीचं काम तिच्यावर आलं. ती दोन रात्री माझ्या कोडसमोर बसली. तिला तो कळला नाही. तिसऱ्या दिवशी सगळी बिलं हातांनी तपासून पाठवावी लागली आणि बैठकीत तिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.

मी परत आलो आणि म्हटलं, आत्ता दहा मिनिटांत करतो. आठ महिन्यांपूर्वी माझ्याच हातांनी लिहिलेला कोड. मला दीड दिवस लागला. चूक एका ओळीची होती.

मला कोणी काही बोललं नाही. उलट, 'हे फक्त यालाच जमतं' असं म्हटलं गेलं आणि त्या वर्षी मला बढती मिळाली. तीन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती भेटली. मी माफी मागितली. ती हसून म्हणाली, "अहो सर, मला तर वाटलं, मलाच येत नाही." तिने प्रोग्रॅम लिहिणं केव्हाच सोडून दिलं होतं.

मित्रहो, 'मलाच येत नाही' हे सात अक्षरांचं वाक्य फार वाईट आहे. आपल्यातल्या किती जणांनी ते गणिताबद्दल, इंग्रजीबद्दल मनाशी म्हटलं असेल! खरं तर तिला येत होतं. लिहिणाऱ्याला, म्हणजे मला, साधं लिहिता येत नव्हतं. दोष भाषेचा नव्हता, माझा होता. पण काही भाषा असल्या खोडीला मोकळं रान देतात आणि काही भाषा ती करूच देत नाहीत. म्हणून मी साध्या भाषांकडे वळलो.

एक उदाहरण देतो. संगणक शिकवताना पहिला धडा असतो पडद्यावर 'नमस्कार' उमटवण्याचा. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत त्यासाठी आधी 'पब्लिक', 'क्लास', 'स्टॅटिक', 'व्हॉइड' असे शब्द लिहावे लागायचे. मुलांनी विचारलं, हे काय, की शिक्षक म्हणायचे, "आत्ता लक्ष देऊ नका, पुढे कळेल." पहिल्याच दिवशी पाच गोष्टी न समजता पाठ करायच्या! पायथॉन भाषेत तीच गोष्ट एका ओळीची आहे. नेदरलंडच्या गीडो व्हान रॉसम यांनी ती लिहायला घेतली १९८९च्या नाताळच्या सुटीत, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. या भाषेत ओळींचा समास सक्तीचा आहे. आत घ्यायची ओळ आत घेतलीच पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅम चालत नाही. शुद्धलेखनाच्या बाई 'समास सोडा' म्हणून जे ओरडायच्या, ते काम आता भाषाच करते.

दुसरी भाषा 'गो'. २००९ साली गुगलमधल्या तिघांनी ती जाहीर केली. त्यांपैकी केन थॉम्पसन हे युनिक्सच्या जनकांपैकी एक. ज्यांनी उभ्या आयुष्यात सगळं पाहिलं, त्या माणसांनी केलेल्या या भाषेत राखीव शब्द फक्त २५. आपल्या बाराखडीच्या तक्त्यावर याहून जास्त अक्षरं होती. शिवाय तिच्यासोबत एक साधन येतं. तुम्ही कोड कसाही लिहा, ते साधन तो ठरलेल्या एकाच पद्धतीने मांडून देतं. जगभर सगळ्यांचं हस्ताक्षर एक! आधी आमच्या बैठकांत 'कंस वरच्या ओळीत की खालच्या' यावर तास तास जायचा. ते भांडण संपलं आणि वेळ कामाच्या प्रश्नाला उरला.

आजच्या साधनांचं मला हेच आवडतं. बाकाचं काम ती करतात, डोकं आपलं मोकळं राहतं. आपण शाळेत प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचो. कॅसेट गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. आज 'गिट' नावाचं साधन आहे. लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिहिलं. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ते ठेवतं. आज सगळं बिघडवलं तरी कालच्या जागेवर परत जाता येतं. त्यामुळे नवा मुलगा बिनधास्त प्रयोग करतो. भीती गेली की शिकणं सुरू होतं, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आणि तो 'मिस्टेक' शब्द! तोही आता सुधारला आहे. २०२१ साली आलेल्या पायथॉनच्या आवृत्तीत एखादं नाव चुकीचं लिहिलं, तर ती विचारते, "तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?" पट्टी नाही, टोमणा नाही.

पण मी इथे साधेपणाची जाहिरात करायला उभा नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. गो भाषा इतकी साधी ठेवली होती, की एकच काम वेगवेगळ्या प्रकारच्या माहितीवर करायचं तर तोच कोड पुन्हा पुन्हा उतरवून काढावा लागायचा. अखेर २०२२ साली त्यांनी ती सोय भाषेत घेतली आणि भाषा थोडी अवघड झाली. पायथॉन वेगाला कमी आहे. तिच्यात मोठी गणितं होतात तेव्हा आतलं जड काम बहुतेक वेळा सीसारख्या भाषेत लिहिलेलं असतं. घरातला पाहुणा दिवाणखाना बघतो, माजघरात कोण राबतंय ते त्याला दिसत नाही, तसंच हे. आणि साधनांचंही अजीर्ण होतं. हल्ली काही कामांत पहिली ओळ लिहिण्याआधी दहा साधनं बसवण्यातच दिवस जातो. तेव्हा मला ते टूं-टीं आठवतं.

अवघडपणा नाहीसा होत नाही. प्रश्न अवघड असेल तर तो अवघडच राहतो. पण त्याच्यावर भाषेचा आणि लिहिणाऱ्याच्या ऐटीचा अवघडपणा चढवू नये, एवढं आपल्या हातात असतं.

आता तुम्ही विचाराल, आणि माझी पुतणी तर रोज विचारते, "काका, आता एआय सगळं लिहून देतं. मग शिकायचं कशाला?" खरं आहे. मराठीत एक वाक्य सांगितलं की यंत्र शंभर ओळी लिहून देतं, बऱ्याचदा चांगल्या. मीही ते वापरतो. पण आता लिहिणारं ते आहे, तर आपण कोण? आपण बाकावरचे शेजारी. "हा सी कोण?" हे विचारायचं काम आपल्याकडे आलं आहे. ज्याला वाचताच येत नाही, त्याला 'कळलं नाही' असंही म्हणता येत नाही. तो नुसती मान डोलावतो. बिलात सवलत दोनदा लागली की मग दोन रात्री कोण बसणार? म्हणून यंत्र लिहितंय तर भाषा आणखीच साधी हवी, म्हणजे माणसाला ती तपासता येईल.

शेवटी कामाचं बोलतो. आपल्या बॅचने शाळेच्या नव्या संगणक कक्षासाठी निधी जमवला आहे. समितीची यादी मी पाहिली. संगणक आहेत, मोठा पडदा आहे, वातानुकूलन आहे. सगळं घ्या. माझी फक्त तीन मागणी आहेत.

एक, प्रत्येक संगणकासमोर दोन खुर्च्या ठेवा. पैसे उरले तरी दोनच मुलं एका यंत्रावर बसवा. एकाने लिहायचं, दुसऱ्याने विचारायचं.

दोन, सुरुवात पायथॉनपासून करा आणि पोरांना मराठी नावं वापरू द्या. आपण १९८६ साली 'बेरीज' इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. आजच्या पायथॉनमध्ये ती थेट देवनागरीत लिहिता येते. प्रोग्रॅम चालतो. मी घरी करून पाहिलं आहे.

तीन, महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी एकाने तासभर शाळेत यायचं किंवा फोनवरून दिसायचं. मुलं आपला प्रोग्रॅम वाचून दाखवतील. आपण ऐकायचं आणि नाही कळलं तर सरळ "नाही कळलं" म्हणायचं. त्यासाठी संगणक येण्याची अट नाही. उलट, न येणारेच हवेत. पहिला शनिवार मी आमच्या खतवाल्याच्या नावावर लिहून टाकला आहे. त्याला विचारलेलं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी त्यानेही मला विचारलं नव्हतं.

सर, तुमच्या नियमाची वही मी सतरा वर्षं बंद करून ठेवली होती. एका मुलीला त्याची किंमत मोजावी लागली. ती किंमत परत करता येत नाही. पण या शाळेतल्या एकाही मुलाला, मुलीला 'मलाच येत नाही' असं वाटून ती खोली सोडावी लागू नये, एवढं आपण बघू शकतो. या भाषणातलं काही कळलं नसेल, तर जेवताना मला विचारा. मी पुन्हा, अजून साधं करून सांगेन.